जिनसेंगमधील सक्रिय घटकांचे पचन व शोषण

जिनसेंग (पॅनॅक्स जिनसेंग; कुल ॲरेलिएसी) या कोरिया व ईशान्य चीनमधील वनस्पतीच्या मुळांत जिनसेनोसाइडे ही सॅपोनिन वर्गातील संयुगे असतात. औषधी गुणांचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते. मात्र पोटात गेलेली जिनसेनोसाइडे मूळ रूपात रक्तात फारच थोडी पोहोचतात.

आरबी-१ हे त्यांतील एक प्रमुख. त्याच्या रेणूला ग्लुकोजची चार एकके जोडलेली असून रेणुभार सुमारे १,१०९ आहे. एवढा मोठा, जलस्नेही रेणू आतड्याच्या पेशीपटलातून सहजी पार होत नाही. जठरातील आम्लामुळे त्याचे काही विघटन होते, पण खरे काम मोठ्या आतड्यातील जीवाणू करतात. त्यांची विकरे ग्लुकोज एकेक करून तोडतात : आरबी-१ पासून आरडी, मग एफ-२ आणि शेवटी एकच ग्लुकोज उरलेले ‘कंपाउंड-के’. हे संयुग बरेच चांगले शोषले जाते. मात्र या साऱ्याला काही तास लागतात.

जीवाणूंची घडण माणसागणिक वेगळी, म्हणून सारख्याच मात्रेतून सर्वांना सारखे कंपाउंड-के मिळत नाही. प्रतिजैविकांनीही हे रूपांतर मंदावते. तेव्हा बाटलीवर छापलेल्या जिनसेनोसाइडांच्या टक्केवारीवरून परिणामाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. मुळे वाफवून वाळवलेल्या कोरियातील लाल जिनसेंगमध्ये काही ग्लुकोज आधीच सुटून आरजी-३ सारखी संयुगे तयार झालेली असतात.

अश्वगंधेला ‘भारतीय जिनसेंग’ म्हणतात, पण तिच्यात जिनसेनोसाइडे नसतात. वॉरफॅरिन हे रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे औषध घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय जिनसेंग घेऊ नये.