रशियन सॅलड : हरवलेली कृती आणि न हरवलेली

लग्नाच्या बुफेत किंवा हॉटेलात आपण सगळ्यांनी कधी ना कधी ‘रशियन सॅलड’ ताटात वाढून घेतलेलं आहे. गोडसर मेयोनेज, त्यात बटाटा, गाजर, फरसबी, मटार आणि पुष्कळदा अननस. आज आपण या पदार्थाचा इतिहास पाहणार आहोत. पहिली गंमत नावातच आहे. आपण त्याला रशियन म्हणतो, आणि रशियात मात्र ते एका परदेशी वंशाच्या आचाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं, ‘ओलिव्हिए’ म्हणून.

लुसिएं ओलिव्हिए हा मॉस्कोच्या त्रुब्नाया चौकातल्या ‘हर्मिटाज’ या रेस्टॉरंटचा आचारी. १८६० च्या दशकात हे रेस्टॉरंट सुरू झालं आणि श्रीमंत व्यापारी, जमीनदार तिथे येऊ लागले. मॉस्कोच्या जीवनाचं वर्णन करणारा लेखक गिल्यारोव्स्की सांगतो, की या सॅलडशिवाय तिथलं जेवण पुरं होत नसे आणि त्याचं गुपित ओलिव्हिए कुणाला सांगत नसे. १८८३ साली तो वारला. त्याच्याबरोबर कृतीही गेली, अशी कथा तेव्हापासून चालत आली.

आता, इतिहास वाचणाऱ्यानं अशा कथेपाशी थोडं थांबायला हवं. १९ व्या शतकाच्या अखेरीस पेलागेया अलेक्सांद्रोवा-इग्नात्येवा या पाकशिक्षिकेच्या पुस्तकात ओलिव्हिएची कृती छापलेली आहे. त्यात रियाब्चिक नावाच्या रानपक्ष्याचं मांस आहे, क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव आहे, केपर्स, ऑलिव्ह, काकडी, सॅलडचा हिरवा पाला आणि प्रोव्हांसाल सॉस आहे. आणि या सगळ्या थाटामाटात बटाटाही आहे! हर्मिटाजच्या स्वयंपाकघरातलं नेमकं प्रमाण हेच होतं, असा दावा आपण करणार नाही. पण पदार्थाची घडण लोकांना ठाऊक होती, एवढं नक्की.

१९१७ च्या क्रांतीनंतर हर्मिटाज बंद पडलं. रानपक्षी आणि केपर्स मागवणारं गिऱ्हाईकही राहिलं नाही. मग हा पदार्थ जगला कसा? त्यासाठी १९३० च्या दशकाकडे जावं लागतं. अन्न-उद्योग खात्याचा प्रमुख मिकोयान १९३६ साली अमेरिकेत जाऊन तिथले कारखाने पाहून आला. त्याच वर्षी ‘डॉक्टर’ सॉसेज बाजारात आलं, आणि तयार मेयोनेज, डबाबंद मटार हेही कारखान्यांतून येऊ लागलं. डिसेंबर १९३५ मध्ये, ख्रिसमसचं म्हणून वर्ज्य ठरलेलं सजवलेलं झाड नववर्षाचं म्हणून परत आलं. पुढे १९४८ पासून १ जानेवारीची सुट्टी पुन्हा मिळाली. म्हणजे सण मिळाला. त्या सणाला साजेसा, घरी करता येणारा पदार्थ हवा होता. तो म्हणजे ओलिव्हिए.

डिसेंबरमधलं मॉस्को डोळ्यांसमोर आणा. बाहेर बर्फ, ताजी भाजी जवळजवळ नाहीच. बटाटे-गाजरं साठवणीतली, काकडी बरणीतली खारवलेली, मटार डब्यातला. रानपक्ष्याच्या जागी सॉसेज आलं. क्रेफिशचा केशरी रंग गाजरानं भरून काढला, असंही सांगतात. पण मटाराचा डबा आणि मेयोनेज हवं तेव्हा मिळत नसे. दिसलं की घ्यायचं, आणि ३१ डिसेंबरपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी दुपारपासून घरातली बाई चिरायला बसायची आणि भलंमोठं तसराळं भरायची. उरलेलं पुढचे एक-दोन दिवस पुरायचं.

आमचं म्हणणं असं, की या सोव्हिएत रूपाला ‘मूळची बिघडलेली नक्कल’ म्हणणं बरोबर नाही. हर्मिटाजचं सॅलड मूठभरांनी खाल्लं. हे सॅलड घराघरात झालं. ते टिकवलं त्या बायकांनी, ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. ओलिव्हिएचं नाव उरलं, पण कृती जिवंत ठेवली ती या घरांनी.

ती घरगुती कृतीही सांगून टाकतो. सहा माणसांना चार मध्यम बटाटे, दोन गाजरं, चार अंडी, तीन-चार खारवलेल्या काकड्या, पाव किलो उकडलेलं सॉसेज किंवा कोंबडी, एक डबा मटार आणि साधारण २०० ग्रॅम मेयोनेज. बटाटे-गाजरं सालासकट उकडायची, म्हणजे ती पाणी धरत नाहीत. पूर्ण गार झाल्याशिवाय चिरायची नाहीत, नाहीतर लगदा होतो. सगळ्या फोडी मटाराच्या दाण्याएवढ्या. काकडीचं आणि मटाराचं पाणी नीट निथळायचं. मीठ शेवटी, चव बघून, कारण काकडी आणि सॉसेज आधीच खारट असतात. मेयोनेज तेवढ्याच भागात घालायचं, जेवढं त्या दिवशी संपेल. मग तासभर फ्रिजमध्ये. शाकाहारी मंडळींनी मांस-अंडी वगळून बिनअंड्याचं मेयोनेज घ्यावं, पण आंबट काकडी वगळू नये. बटाट्याचा मऊपणा तिच्यामुळेच तोंडाला बसत नाही.

हा पदार्थ रशियाबाहेरही गेला. इराणमध्ये तो ‘सालाद ओलिविये’ झाला आणि कोंबडी घालून पावात भरला जाऊ लागला. स्पेनमध्ये ‘एन्सालादिया रुसा’ झाला. आपल्याकडे अननस आला. त्यावर आपण हसतो, पण घरात आहे ते घालायचं आणि पंगत साजरी करायची, हे तर मॉस्कोच्या घरांनीही केलं होतं.

तेव्हा पुढच्या बुफेत ती पांढरी वाटी दिसली, तर एक चमचा जरूर घ्या आणि त्यातला बटाटा शोधा. त्या जुन्या छापील कृतीपासून आजपर्यंत टिकलेल्या घटकांपैकी तो एक आहे.