जिओकॅशिंग

जिओकॅशिंग : दुसऱ्या कोणी लपवलेली डबी अक्षांश-रेखांशांच्या आधारे शोधून काढण्याचा मैदानी छंद. लपवणारा डबीची जागा जीपीएस उपकरणाने मोजतो आणि संकेतस्थळावर जाहीर करतो. शोधणारा तिथवर जातो, डबीतल्या वहीत नाव व तारीख लिहितो, डबी होती तशी ठेवतो आणि परतल्यावर आपला शोध संकेतस्थळावर नोंदवतो. छंदाला वयाची अट नाही, संघ नाहीत, पंच नाहीत. डबीत सापडणाऱ्या वस्तू किल्ली-साखळी, बिल्ला, प्लास्टिकचा डायनोसॉर अशा किमतीच्या असतात. जगभर अशा तीस लाखांहून अधिक डब्या असून त्या अंटार्क्टिकासह सर्व खंडांवर पसरलेल्या आहेत.

या छंदाला जन्मतारीख आहे, ही गोष्ट छंदांच्या बाबतीत विरळाच. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. तिच्या नागरी संकेतांत संरक्षण खाते जाणूनबुजून चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या उपकरणावरचे स्थान शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे सरकलेले असे. समुद्रातल्या जहाजाला एवढी चूक चालून जाई. पण शंभर मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ पावणेआठ एकर जमीन. एवढ्या रानात खोडाच्या ढोलीत दडवलेली डबी सापडणे हा नशिबाचा भाग. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने १ मे २००० च्या मध्यरात्रीच्या सुमारास ही मिसळलेली चूक काढून टाकण्यात आली आणि जगातली सगळी उपकरणे एका रात्रीत सुधारली. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही पाचेक मीटरपर्यंत नेऊन सोडतो. पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ दोन-तीन खोल्यांच्या घराएवढे भरते.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यातील पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक येथे रस्त्याकडेच्या झाडीत काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिची जागा, उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे व पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे, जीपीएसप्रेमींच्या चर्चागटात कळवली. बादलीत पुस्तके, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडी रोकड, एक गलोल आणि बीन्सचा डबा असा ऐवज होता. सापडेल त्यातले काही घ्या आणि आपले काही ठेवा, एवढीच त्याची अट. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माइक टीग यांनी काही दिवसांतच ती गाठली आणि पुढे ठिकठिकाणी लपवल्या जाऊ लागलेल्या डब्यांची यादीही तेच ठेवू लागले. मॅट स्टम यांनी मे अखेरीस ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले. सिएटलच्या जेरेमी आयरिश यांनी २ सप्टेंबर २००० रोजी संकेतस्थळ उघडले तेव्हा त्यावर ७५ डब्या होत्या. आजही बहुतेक खेळ याच संकेतस्थळावरून चालतो. अल्मर यांच्या बादलीचा पुढे नाश झाला. त्या जागी २००३ मध्ये स्मरणफलक बसवण्यात आला. मे २००० मध्येच, ११ तारखेला, कॅन्सस राज्यातल्या मिंगो येथे ठेवलेली डबी सलग चालू असलेली सर्वांत जुनी मानली जाते.

गंमत अशी की, अल्मर यांनी आज तीच बादली मंजुरीसाठी पाठवली असती, तर ती नाकारली गेली असती. आजच्या नियमांप्रमाणे डबीसाठी खड्डा खणता येत नाही आणि तिच्यात खाण्याचे पदार्थ ठेवता येत नाहीत, कारण वासाने जनावरे येतात आणि डबी फोडतात. प्रत्येक नवी डबी जाहीर होण्याआधी एक स्वयंसेवक परीक्षक तिची माहिती तपासतो. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते. हा विचित्र आकडा मैलाच्या दहाव्या भागातून आलेला आहे. जागामालकाची परवानगी आवश्यक असते, आणि डबीची देखभाल करता येईल इतक्या जवळ लपवणाऱ्याने राहावे अशी अपेक्षा असते. सहलीला गेलेल्याने परक्या गावात डबी ठेवून निघून जावे, हे म्हणूनच नापसंत.

मोजमापाची पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. स्थान अंश आणि दशांश मिनिटांत, तीन दशांश स्थळांपर्यंत दिले जाते. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग जमिनीवर सुमारे १.८५ मीटर होतो. रेखांशाचा तेवढाच भाग ध्रुवाकडे जाताना आकसत जातो : पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे १.७६ मीटर, तर बीव्हरक्रीकला १.३ मीटर. म्हणजे लिहिण्यातली सूक्ष्मता उपकरणाच्या अचूकतेपेक्षा जास्त आहे. उपकरणाला स्थान ठरवण्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. घनदाट झाडी, अरुंद घळ किंवा उंच इमारतींची गल्ली असेल तर संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि पडद्यावरचा बाण दहा-वीस मीटर भरकटतो. लपवणाऱ्याचे मोजमापही याच दोषातून आलेले असते, त्यामुळे चूक दोन्हीकडून साचते. काळजी घेणारा लपवणारा वेगवेगळ्या वेळी मापे घेऊन त्यांची सरासरी काढतो.

त्यामुळे उपग्रहांचे काम शेवटच्या पाच-दहा मीटरांच्या अलीकडेच संपते, आणि हा छंद तंत्रज्ञानाचा म्हणून ओळखला जात असला तरी त्याचा कस पुढच्याच टप्प्यावर लागतो. मुरलेला शोधक तिथे उपकरण खिशात टाकतो आणि नजर वापरतो. भोवतालात न बसणारी गोष्ट शोधायची असते : एकाच दिशेला नीट मांडलेल्या काटक्या, बाकीच्यांपेक्षा कमी शेवाळलेला दगड, कुंपणाच्या गंजलेल्या बोल्टांमधला एक चकचकीत बोल्ट, जो फिरवला की हातात येतो आणि पोकळ निघतो. नवशिका मात्र पडद्यावरचा आकडा शून्य व्हावा म्हणून गोल गोल फिरत राहतो.

डबीचे आकार नखाएवढ्या चुंबकी नळीपासून पिंपापर्यंत असतात. सुरुवातीच्या काळात अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्यांच्या जुन्या लष्करी पेट्या सर्वांत पसंत होत्या. त्या पत्र्याच्या, रबरी पट्टीमुळे पाणी न शिरणाऱ्या आणि लष्करी भंगाराच्या दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या. शहरांत पूर्वी फोटोच्या रिळाची डबी चाले. युरोपात शीतपेयाच्या बाटलीचे फुगवण्यापूर्वीचे जाड प्लास्टिकचे नळकांडे लोकप्रिय आहे, कारण त्याचे फिरकीचे झाकण घट्ट बसते. डबी कसलीही असो, वही अपरिहार्य. वहीत सही नसेल तर शोध धरला जात नाही. शाई पाण्याने पसरते आणि थंडीत गोठते, म्हणून सोबत पेन्सिल नेण्याचा सल्ला दिला जातो.

प्रत्येक डबीला शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता असे दोन गुणांक असतात, दोन्ही १ ते ५, अर्ध्याच्या पायरीने. त्यांच्या ८१ जोड्या होतात आणि त्या सगळ्या पुऱ्या करण्याच्या मागे काही लोक वर्षानुवर्षे असतात. वाटेचा गुणांक ५ असेल तर होडी, दोर किंवा पाणबुड्याचा सरंजाम लागतो. अडलेल्यासाठी सूचना दिलेली असते, पण ती प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरे पुढे सरकवून लिहितात, म्हणजे नको असताना नजरेस पडत नाही. अक्षरे सव्वीस असल्यामुळे तेच सरकवणे पुन्हा केले की मूळ मजकूर मिळतो.

प्रकार अनेक. बहुटप्पा डबीत पहिल्या जागी पुढच्या जागेचे आकडे मिळतात. कोड्याच्या डबीत जाहीर केलेले स्थान खोटे असते; कोडे सोडवले की खरे कळते आणि ते त्या खोट्या जागेपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असते. काही डब्यांत क्रमांक कोरलेले बिल्ले असतात. ते उचलून दुसऱ्या डबीत ठेवायचे, म्हणजे त्यांचा प्रवास संकेतस्थळावर उमटत जातो. असाच एक क्रमांक २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स यानाच्या एका उपकरणाच्या नमुनापट्टीवर आहे. त्याआधी २००८ मध्ये खासगी खर्चाने अंतराळात गेलेले संगणकखेळांचे रचनाकार रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातले एक कपाट डबी म्हणून नोंदवले. हा प्रसिद्धीचा भाग म्हणावा लागेल. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या डबीला अक्षांश-रेखांश कुठले?

छंदाचे पूर्वज जुने आहेत. इंग्लंडमधल्या डार्टमूर या दलदलीच्या माळरानावर, क्रॅनमिअर पूल या आडवळणी जागी, जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचलेले लोक तीत आपले नावपत्र टाकत. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद वाढला आणि तो आजही चालू आहे. तिथे शोध शब्दांत वर्णन केलेल्या खुणांवरून होतो आणि सहीऐवजी रबरी शिक्का मारतात.

हा खेळ परक्यांवरच्या भरवशावर उभा आहे. डबीची जागा कोणालाही वाचता येते. डबी पळवणे क्षणाचे काम. तरी हजारो डब्या दहा-पंधरा वर्षे जागेवर टिकतात. खेळाबाहेरच्या माणसाला हॅरी पॉटर कथांवरून ‘मगल’ म्हणतात आणि त्याच्यासमोर डबी काढायची नाही असा संकेत आहे. न सापडल्याची नोंद करण्याचीही शिस्त आहे. अनेकांना ती लाजिरवाणी वाटते, पण डबी हरवल्याचे मालकाला त्यातूनच समजते. या छंदाला आकड्यांचे वेडही लागले आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या एका निर्जन महामार्गालगत अगदी किमान अंतर राखून हजाराहून अधिक एकसारख्या डब्या ठेवल्या गेल्या. गाडी थांबवायची, सही करायची, पुढे जायचे. हा छंद कमी आणि हजेरीपट जास्त वाटतो.

लपवाछपवीतून गैरसमजही होतात. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली बॉम्बनाशक पथकाने एक डबी संशयावरून उडवून दिली. प्रागमध्ये २०१८ साली डबीच्या शोधात भूमिगत पाणवाहिनीत शिरलेल्यांना वादळी पावसाच्या लोंढ्याने गाठले आणि त्यात जीव गेले. राष्ट्रीय उद्यानांत डब्या ठेवायला अमेरिकेत कडक निर्बंध आहेत. वस्तू न ठेवता खेळण्याचा ‘अर्थकॅश’ हा प्रकार तिथल्या भूविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २००४ मध्ये आला : जागेवर जायचे, खडकाचे थर किंवा भेगा निरखायच्या आणि प्रश्नांची उत्तरे मालकाला कळवायची.

भारतात डब्या विरळ आहेत. कारणे उघड आहेत. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा रोज रेल्वे फलाटावर ऐकणाऱ्या मुंबईकराला पुलाखाली चिकटवलेल्या डबीत गंमत दिसणे कठीण. शिवाय चार महिन्यांचा पाऊस, माकडे आणि भंगारवाले. सह्याद्रीतल्या भटक्यांकडे वाटा मोजण्याची आणि त्या एकमेकांना देण्याची सवय भरपूर आहे. पण बरेच किल्ले आणि लेणी संरक्षित स्मारके आहेत, अनेक जंगले अभयारण्यांत मोडतात, आणि तिथे भिंतीच्या सांध्यात डबी खोचणे हा आगाऊपणाच ठरेल. अर्थकॅशला मात्र बेसाल्टचे थर, रांजणखळगे आणि लोणारसारखे विवर असलेला हा प्रदेश उत्तम आहे. परदेशातून येणाऱ्या शोधकांनी एक लक्षात ठेवावे : केवळ स्थान दाखवणारे उपकरण चालते, पण उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये एका परदेशी प्रवाशाला याच कारणाने ताब्यात घेण्यात आले होते. आणि १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. प्लास्टिकचा डायनोसॉर बहुधा त्या मर्यादेत बसेल.