खाणीतला दिवा आणि चाकांवरचं घर

आमच्या भाच्याने अमेरिकेत जुनं मोटरहोम घेतलं. म्हणजे चाकांवरचं घर: शेगडी, फ्रीज, हीटर, पलंग सगळं आत. "मामा, यात गॅसचा अलार्म कुठे लावू?" असं त्याने विचारलं. उत्तर दोन ओळींचं होतं, पण ते शोधता शोधता मी पोचलो दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीत.

२५ मे १८१२ रोजी फेलिंगच्या खाणीत स्फोट होऊन ९२ जण गेले, त्यात लहान पोरंही होती. त्यानंतर तीन वर्षांनी हम्फ्री डेव्हीने तारेच्या जाळीतला दिवा बनवला. (जॉर्ज स्टीफन्सननेही त्याच सुमारास आपला दिवा केला. श्रेयावरून जे भांडण झालं ते पुन्हा कधीतरी.) हा दिवा नुसता उजेडासाठी नव्हता. मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढायची, प्राणवायू कमी पडला की ज्योत मंदावायची. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून खाणकामगार दिवा छताशी नेऊन बघत. कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा जड, ती तपासायला दिवा खाली धरत. दिवा एकच, पण धरायचा कुठे ते वायू ठरवणार!

मोटरहोममधला गॅस बहुधा प्रोपेन, हवेच्या दीडपट जड. गळला की तळाला साचतो. म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर, मोकळ्या जागी. पडद्यामागे किंवा दाराच्या वाऱ्यात नको. घरातल्या पाइपगॅसचे, म्हणजे मिथेनचे अलार्म छताजवळ लावतात. तसा एखादा आणून इथे वर टांगला, तर तो गप्प असताना खाली गॅस भरत राहील.

वास येतोच की, असं आपल्याला वाटतं. पण तो वास मुद्दाम घातलेला असतो. १९३७ साली टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन जवळपास तीनशे मुलं नि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला. तरी झोपलेल्या माणसाचं नाक काय कामाचं? आणि म्हाताऱ्या नाकाचं तर विचारूच नका (स्वानुभव).

कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला, तेव्हा जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी प्रेतं तपासली आणि बहुतेक जण स्फोटाने नव्हे, या वायूने मेले असं दाखवलं. उपाय म्हणून त्यांनी उंदीर, कॅनरी असे छोटे जीव खाणीत न्यायला सुचवलं. ते माणसाआधी कोसळत. ब्रिटनने १९८६ साली या पक्ष्यांच्या जागी यंत्रं आणायचं ठरवलं. वाचून मला पक्ष्यांसाठीच बरं वाटलं.

हा वायू हवेइतक्याच वजनाचा, त्यामुळे सगळीकडे मिसळतो. त्याचा अलार्म झोपायच्या जागेपाशी, उशीच्या उंचीच्या आसपास हवा. अमेरिकेत दोन्ही वायूंचा एकच डबा खाली बसवलेला असतो. तो चुकीचा नाही, पण मी असतो तर पलंगाजवळ मोनॉक्साइडचा दुसरा लावला असता. कारण धूर आपल्याच हीटरचा असेल असं नाही, शेजारच्या गाडीच्या जनरेटरचाही खिडकीतून येतो.

निवडताना वेष्टनावर 'आरव्ही'साठी असल्याचं बघावं. अशा यंत्रांची चाचणी गाडीचे धक्के आणि थंडी-उन्हं धरून केलेली असते. प्रोपेनच्या यंत्रात बऱ्याचदा कथिलाच्या ऑक्साइडचा गरम ठेवावा लागणारा सेन्सर असतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी तो १९६०च्या दशकात आणला. तापत राहतो म्हणून बॅटरी खातो, आणि बॅटरी उतरते म्हणून त्याची वायरच काढून ठेवणारे महाभाग आहेत! हेअरस्प्रेनेही तो केकाटतो, तेव्हा बायकोवर चिडू नये, खिडकी उघडावी.

आणि हो, सेन्सर म्हातारा होतो. डब्याच्या मागे तारीख असते. भाच्याची गाडी जुनी, त्यामुळे आतला डबाही बहुधा तितकाच जुना. बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, पण त्यावरून सेन्सर जिवंत आहे असं ठरत नाही. तारीख उलटली असेल तर सरळ नवा घ्यायचा.