वेगाचा हिशेब : ‘अवंती’ नावाच्या विमानाची कथा

कुहीच्या माणसाला वेग म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी कुहीवरून रमतगमत जायची. 2019 साली ती रुंदीकरणासाठी बंद झाली. पुढे जून 2025मध्ये नागपूरच्या मिहानसाठी घोषणा झाली : दासो आणि रिलायन्स तिथे फाल्कन 2000 हे उद्योगपतींचं जेट बांधणार. तेव्हा आज आपण एवढंच विचारू या : कामासाठी उडणाऱ्याला जेटच का लागतं?

हा प्रश्न इटलीतल्या पियाज्जो कंपनीनं पूर्वीच विचारला होता. तिचं ‘पी-180 अवंती’ 1986च्या सप्टेंबरात प्रथम उडालं. अवंती म्हटलं की आपल्याला उज्जयिनी आठवते. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘पुढे चला’.

हे टर्बोप्रॉप विमान. म्हणजे आतलं टर्बाइन जेटसारखंच, पण त्याची ताकद पंखा फिरवण्यात जाते. जेट थोडी हवा जोरात मागे फेकतं, पंखा पुष्कळ हवा बेतानं ढकलतो. म्हणून मध्यम वेगाला इंधन कमी लागतं. अवंतीचे पंखे मागे बसवले, त्यामुळे पंखांवरची हवा विस्कटत नाही. नाकाजवळ आणखी एक छोटा पंख दिला, तोही भार उचलतो. या युक्तीनं विमान ताशी 700 किलोमीटरच्या पुढे गेलं. म्हणजे वेग जवळपास छोट्या जेटचा, आणि इंधन त्याहून बरंच कमी.

मग जग त्याच्या मागे धावलं का? नाही. पहिल्या तीस वर्षांत अडीचशे विमानंही झाली नाहीत. 2008मध्ये आपल्या टाटा समूहानं कंपनीत सुमारे एक तृतीयांश भाग घेतला, पुढे ते बाहेर पडले. 2018च्या अखेरीस तर कंपनी सरकारी प्रशासकाच्या हाती गेली.

याला कारणं अनेक. पण एक आम्हाला महत्त्वाचं वाटतं. विकत घेणारा फक्त वेग घेत नाही, मानही घेतो; आणि फिरता पंखा दिसला की अनेकांना विमान जुनाट वाटतं. तत्त्वज्ञानात आम्ही साध्य आणि साधन वेगळं ठेवायला शिकवतो. इथे साधनच मिरवायची वस्तू झालं.

मिहानच्या कारखान्यात आपल्या भागातल्या पोरांना काम मिळावं, ही आमचीही इच्छा. पण हातात पाना घेताना त्यांनी हेही विचारावं : किती इंधन जाळून कोणाची किती मिनिटं वाचतात? रेल्वे थांबलेल्या गावाला हे विचारायचा हक्क आहे.