लेणं की गुहा? आणि तिथे आधी कोण राहत होतं?

बारामती-इंदापूरकडचे बरेच विद्यार्थी पीएच.डी.साठी विषय शोधताना ‘पुणे जिल्ह्यातील बौद्ध लेणी’ असं काहीतरी लिहून ठेवतात. विषय चांगलाच आहे. जुन्नर, कार्ले, भाजे, बेडसे सगळं आपल्याच जिल्ह्यात. पण आराखडा लिहायला बसण्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. ज्याला तुम्ही एका ओळीत ‘लेणं’ आणि दुसऱ्या ओळीत ‘गुहा’ म्हणताय, ते नक्की काय आहे?

हा शब्दांचा खेळ नाही. जुन्नर, नाशिक, कान्हेरी इथल्या प्राकृत शिलालेखांत दान देणाऱ्यांनीच ‘लेण’ हा शब्द वापरलाय, आणि शेजारच्या पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. म्हणजे लेण्यामागे पैसा आहे, कारागीर आहेत, छिन्नीच्या खुणा आहेत. गुहेमागे फक्त दगड, पाणी आणि काळ.

आता दगड बघू. आपल्याकडच्या कुठल्याही खोल विहिरीत डोकावून पाहा. काळा पाषाण, मुरूम, मध्येच लालसर मातकट पट्टा असे थर दिसतात. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर. हेच थर सह्याद्रीच्या कड्यात उघडे पडलेत. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून तिथे लांबच लांब गुहा होतात. बेसाल्ट तसा विरघळत नाही. इथे मऊ थर झिजून वरचा कठीण थर छतासारखा राहतो, नाहीतर लाव्हा वाहून गेल्यावर आत पोकळी उरते. त्यामुळे आपल्याकडे नैसर्गिक गुहा कमी आणि बहुतेक उथळ, तर खोल, कोरडी, अंधारी दालनं माणसानं कोरलेली.

इथेच गंमत सुरू होते. वटवाघळाला अंधार, स्थिर तापमान आणि लटकायला छत हवं असतं. ते कुणी कोरलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विहार मोकळा झाला की त्याच्या दृष्टीनं ती उत्तम गुहाच. आग्या मधमाश्यांचंही तेच. लेण्याद्रीच्या कड्याला त्यांची मोठी पोळी लागतात.

मग ‘लेणी ओस पडली’ हे वाक्य इतिहासात कितपत चालेल? अजिंठ्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. 28 एप्रिल 1819 ही तारीख आणि आपलं नाव जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं 10 क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर कोरलं. तो आला होता शिकारीला. पुस्तकांत याला ‘शोध’ म्हणतात. पण आसपासच्या गावकऱ्यांना ती जागा ठाऊक होती, आणि आत प्राण्यांची वस्तीही होती. ‘शोध’ म्हटलं की हे दोन्ही पुसलं जातं. संशोधकानं असे शब्द तपासूनच वापरावेत.

पुरावा कुठे मिळेल? इतिहासाच्या कपाटाबाहेर. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रॉसे यांची मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवरची लेखमाला 1962 पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. नैसर्गिक गुहांसाठी बेळगावकडे बघा. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या एका वटवाघळाला 1913 मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी रॉटन या वनाधिकाऱ्याचं नाव दिलं. संग्रहालयातल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण असतं, तारीख असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

आता खरा पेच. वटवाघळांची विष्ठा भित्तिचित्रांना मारक आहे. अजिंठ्यात चित्रकामावरून ती काढणं हा संवर्धनाचा भागच झाला. 1920 ते 1922 मध्ये निजाम सरकारनं बोलावलेल्या सेक्कोनी आणि ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा पडला. म्हणजे वाचवायला गेलेल्या हातानंही नुकसान होतं. पण वटवाघळं सरसकट हाकलली तर? बऱ्याच जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. एक वसाहत मोडली की ती भरून यायला कित्येक वर्षं लागतात, आणि शेतातले किडे खाणारेही तेच.

लेण्यासाठी 1958 चा कायदा आणि पुरातत्त्व खातं. प्राण्यांसाठी 1972 चा कायदा आणि वन खातं. त्या 1972 च्या कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत ‘उपद्रवी’ यादीत होती. ती यादी 2022 च्या दुरुस्तीत गेली. एकच छत, पण फायली दोन दफ्तरांत. त्या दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या, तर तुमचा प्रबंध तिथेच सुरू होतो.

आणि यासाठी जुन्नरलाच जायला हवं असं नाही. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं मंदिर उजनीच्या पाण्यात गेलं. धरण 1980 साली पूर्ण झालं. पाणी ओसरलं की मंदिर वर येतं, आणि त्याच जलाशयावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. माणसांनी सोडलेल्या जागेत पुढे कोण आलं, ही नोंद कुणी ठेवली, आणि गाव उठलं त्या माणसांची नोंद कुठे आहे? प्रश्न तोच, फक्त दगडाऐवजी पाणी.

आराखड्यात तीन ओळी नक्की लिहा: जागा कोरलेली की नैसर्गिक, हे कशावरून ठरवलं, माणसं गेल्यावर तिथे कोण होतं, आणि ते सांगणारा कागद कुठल्या खात्यात आहे. प्रत्यक्ष पाहणीला गेलात तर वटवाघळांवर टॉर्च रोखू नका, फ्लॅश वापरू नका, पोळ्याखाली धूर-अत्तर नको. ज्यांच्या घराचा इतिहास लिहिताय, त्यांना घरातून उठवून कसं चालेल?