आठ वर्षांचा पाच हजारी: कॅरेक्टर शीट आणि मनसब

ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी ही या भागाची लिखित प्रत. बोलताना जिथे मी उगाच फाटे फोडले होते, ते थोडे छाटलेत.

विषय आहे आकड्यांचा. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, माहीत असेल तर उत्तम. नसेल तर एवढंच समजा: चार-पाच जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि अडलं की फासे टाकतात. पात्राच्या कागदावर सहा आकडे असतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण यात गल्लत होते म्हणून आपल्या भाषेत सांगतो. हवामानाचा नकाशा वाचता येणं ही बुद्धी. पहिल्या पावसावर सोयाबीन पेरायला न धावणं हे शहाणपण.

आमचा ग्रुप शनिवारी रात्री ऑनलाइन खेळतो. यंदा ठरवलं की ड्रॅगन बास झाले, गोष्ट १६२९ ची आणि गाव सिंदखेड राजा. आपल्याच जिल्ह्यातलं, लखुजी जाधवरावांचं, जिजाऊंचं जन्मगाव. एक नियम आधीच पक्का केला: महाराज आणि आऊसाहेब यांना कोणी खेळायचं नाही, त्यांचं शीटही करायचं नाही. आपण साधी माणसं व्हायचं. एक कारकून, एक पाईक, एक हबशी सैनिक, आणि जाधवांच्या वाड्यातली एक घोडेस्वार बाई. भांडण इथूनच सुरू झालं, राजेहो. आकडे ठरवायचे कसे?

गेमचाच इतिहास आधी बघा. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिला डबा काढला, तेव्हा निवड नव्हतीच. तीन फासे टाका, बेरीज लिहा, सहा वेळा, ठरलेल्या क्रमाने. सरासरी साडेदहा. अठरा पडायची शक्यता २१६ मध्ये एक. तुम्हाला योद्धा व्हायचंय आणि ताकद पडली सहा, तर नशीब. पुढे लोकांनी चार फासे टाकून सर्वांत लहान सोडायला सुरुवात केली. सरासरी सव्वाबाराच्या जवळ गेली आणि अठराची शक्यता ६२ मध्ये एक झाली. आता तर फासेच नकोत असंही चालतं. १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे घ्या आणि हवे तिथे बसवा. किंवा २७ पॉइंट घ्या आणि बाजारात गेल्यासारखे खर्च करा. आठ फुकट, तेरापर्यंत एकेक पॉइंट, चौदा आणि पंधराला प्रत्येकी दोन जास्तीचे. वरचे दिलेले सहा आकडे हिशोबाने बरोबर २७ चेच होतात, करून बघा.

पन्नास वर्षांत गेम जन्माकडून निवडीकडे सरकला, असं मला दिसतं. आणि नेमकं हेच भांडण आपल्याकडे सतराव्या शतकात खऱ्या आकड्यांवर चाललं होतं.

मुघलांच्या चाकरीत गेलेल्या प्रत्येक सरदाराला दोन आकडे मिळायचे. जात आणि सवार. इथे जात म्हणजे कास्ट नाही, तो अरबी-फारसी शब्द आहे, स्वतःचा दर्जा आणि पगार दाखवणारा. सवार म्हणजे किती घोडेस्वार ठेवायचे ते. हीच मनसब. अकबराने ही पद्धत बसवली. कागदावरचा आकडा आणि मैदानावरचे घोडे जुळत नाहीत हे त्यालाही कळत होतं, म्हणून घोड्यांना डाग द्यायचे आणि प्रत्येक शिपायाची नोंद ठेवायची: नाव, बापाचं नाव, रंग, अंगावरच्या खुणा. त्या नोंदीला म्हणायचे चेहरा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलोच. चारशे वर्षांपूर्वीची कॅरेक्टर शीट, आणि तीही चीटिंग रोखायला.

लखुजीराव निजामशाहीचे मोठे सरदार. ते मुघलांकडे गेले. शहाजहानच्या दरबारी इतिहासात त्यांच्या कुटुंबाचा एकत्रित आकडा नोंदलाय: मुलं, नातवंडं, नातेवाईक धरून २४,००० जात आणि १५,००० सवार. सिंदखेडच्या एका घराण्यासाठी. पण त्यावरून पंधरा हजार घोडे रोज सिंदखेडात पाणी प्यायचे असं समजू नका. शहाजहानच्या काळात सवार आकड्याच्या तिसरा किंवा चौथा हिस्साच प्रत्यक्षात उभा करावा लागे.

आणि तो आकडा वाचवतही नव्हता. लखुजीराव पुन्हा निजामशाहीकडे वळले, आणि १६२९ मध्ये दौलताबादला त्यांची मुलांसह भर दरबारात हत्या झाली. दरबारात जाताना शस्त्र नाही, सोबत फौज नाही. शीटवरचं काहीच कामाला येत नाही. आमच्या गोष्टीचा पहिला प्रसंग हाच आहे: सिंदखेडला बातमी पोचते.

आता सगळ्यात भारी उदाहरण. जून १६६५, पुरंदरचा तह. शंभूराजांना पाच हजारी मनसब मिळाली, तेव्हा त्यांचं वय आठ. आठ वर्षांच्या मुलाची कुठली ताकद मोजली? कुठलीच नाही. आकडा पात्रतेचा नव्हताच, तो दोन सत्तांमधल्या सौद्याचा होता. पुढच्या वर्षी, १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना उभं केलं ते पाच हजारींच्या रांगेत. म्हणजे ज्या मुलाचा नववा वाढदिवस अजून दोन दिवसांवर होता, त्याच्याच पायरीवर बापाला. महाराज का भडकले हे शाळेत शिकवतात, पण तो आकड्याचा अपमान होता हे मला शाळेत कधी नीट कळलं नव्हतं. सीईटीचा पर्सेंटाइल कपाळावर घेऊन फिरलेल्या आपल्या पिढीला कळायला हरकत नाही.

उलट बाजूला मलिक अंबर बघा. इथिओपियात जन्मलेला मुलगा, नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, एकदा नव्हे, अनेकदा. शेवटी अहमदनगरच्या पेशव्याकडे, चंगीझखानाकडे आला, जो स्वतः हबशी होता आणि कधीकाळी गुलाम. पहिल्या डब्याच्या नियमाने बोलायचं तर याला सहाही आकडे वाईट पडले असं कोणीही म्हटलं असतं. १६०० मध्ये अहमदनगर पडलं, आणि त्यानंतर याच माणसाने निजामशाही पुन्हा उभी केली, खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना दक्षिणेत सुखाने झोपू दिलं नाही. जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला की स्वतः मलिक अंबरच्या तुटक्या मस्तकावर बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मस्तक कधी हाती लागलं नाही. आणि तो मेल्यावर मुघलांच्याच इतिहासकाराने, मुतमद खानाने, त्याच्या युद्धकौशल्याची, निर्णयशक्तीची आणि कारभाराची मोकळी स्तुती केली. शत्रूने भरलेलं शीट. माझ्या मते सगळ्यात विश्वासू शीट असं शत्रूच भरतो.

म्हणून आमच्या हबशी सैनिकाला फासे नाहीत, २७ पॉइंट दिले.

राहिली घोडेस्वार बाई. आमच्यातली एक मैत्रीण ती खेळतेय. तिने ताकदीला पंधरा लावले. एक मित्र म्हणाला, अगं, जरा रिअलिस्टिक ठेव. यावर गेमचा इतिहास पुन्हा उघडावा लागला. १९७८ च्या नियम-पुस्तकात खरंच तसा नियम होता: पुरुष योद्ध्याच्या ताकदीची जी कमाल मर्यादा, त्याच्या खाली बाईला अडवायचं. १९८९ च्या आवृत्तीत तो काढून टाकला. २०२० मध्ये तर जन्मजात वंशावरून मिळणारे बोनसही हवे तिथे हलवायची सूट मिळाली.

आणि रिअलिस्टिक म्हणायचं तर कुठलं? १५९५-९६ च्या वेढ्यात अहमदनगरच्या तटाला सुरुंगाने खिंडार पडलं, तेव्हा चांदबीबी तिथे उभी राहिली आणि रातोरात तट बुजवून घेतला. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्य जिजाऊंच्या हाती सोपवून गेले. साठी ओलांडलेली बाई, वडील आणि भाऊ दरबारात मारले गेलेले, नातू आणि मुलगा दोघे शत्रूच्या शहरात. इथे कुठला आकडा लावणार? म्हणूनच तो नियम आम्ही आधी केला होता.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने स्वतःच्या कारकुनाचं शीट पुढे केलं, ताकद आठ, बुद्धी पंधरा. घोडेस्वार बाईचं शेवटी असं झालं: ताकद १५, काटकपणा १४, शहाणपण १३, चपळाई १२, छाप १०, बुद्धी ८. बुद्धी आठ का, असं विचारलं तर मैत्रीण म्हणाली, तिला फारसी वाचता येत नाही, आणि दौलताबादहून आलेलं पत्र फारसीत आहे. ते वाचायला तिला कारकून लागणार.

येत्या शनिवारी ते पत्र उघडायचंय.