दप्तर कोणाचे?

हुबळीच्या दाजीबानपेठेत तुळजाभवानीच्या देवळाच्या आसपास दुकानांची आणि घरांची दाटी आहे. त्यांतील प्रत्येक मालमत्तेची नोंद शहराच्या महानगरपालिकेच्या दप्तरात असते. मालक कोण, बांधकाम किती, कर किती, बाकी किती. मालकाच्या हाती ह्यातले येते ते केवळ एका पावतीपुरते. पावतीवरचा आकडा त्यास कळतो. परंतु तो आकडा कसा ठरला, तशाच दुसऱ्या इमारतीस कर कमी का, आणि जमलेल्या पैशातून पेठेच्या गटारावर व रस्त्यावर किती खर्च पडला, हे दप्तरातच राहते. ते विचारावयास कोणी कचेरीत गेला, की पूर्वापार एक ठरीव प्रतिप्रश्न त्याच्या वाट्यास येत असे : “तुमचा काय संबंध?”

स्थानिक कारभाराच्या माहितीवर लोकांचा हक्क कसा प्रस्थापित झाला, ह्याचा इतिहास म्हणजे ह्या एका प्रश्नाचे उत्तर कसकसे बदलत गेले, त्याचा इतिहास होय.

इंग्रजी अमलाच्या पूर्वी आणि नंतरही बराच काळ गावचा हिशेब कुळकर्ण्याकडे असे. वतन वंशपरंपरेचे, आणि दप्तरही बहुधा त्याच्याच घरी. कोणाचा सारा किती, कोणाकडे बाकी किती, कोणाच्या शेताची हद्द कोठवर, हे सारे त्या रुमालात बांधलेले. कुळकर्णी सचोटीचा असला तर रयतेचे भाग्य. नसला तर दाद मागण्यास पुरावा कोठला आणावयाचा? पुरावाही त्याच रुमालात! जोतीराव फुले ह्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा ह्या लेखणीच्या सत्तेवर त्यांनी जे कोरडे ओढले, त्याचे मर्म येथे आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुळकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. दप्तर एखाद्या घराण्याची मालमत्ता असू शकत नाही, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य झाले. ते रयतेला पाहावयास मिळावे, हे मात्र अजून ठरावयाचे होते.

शहरांची कथा निराळी. जुनी हुबळी १८१७ साली पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेली. नवी हुबळी सांगलीकर पटवर्धनांनी १८२० साली खंडणीच्या मोबदल्यात दिली. पुढे १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, ज्या गावच्या रहिवाशांची इच्छा असेल तेथे नगरपालिका स्थापण्याची सोय झाली, आणि त्या कायद्याखाली १८५५ साली हुबळीत व १८५६ साली धारवाडात नगरपालिका आली. कर लोकांचा, पण सभासद सरकारने नेमलेले. लॉर्ड रिपन ह्यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांस जागा मिळाली. लोकांनी मत द्यावयाचे म्हटल्यावर, ते कशाच्या आधारावर द्यावयाचे, हा प्रश्न आपोआप पुढे आला.

कायद्याने त्याचे उत्तर फार जपून दिले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने सांगितले, की जो सार्वजनिक कागद पाहण्याचा एखाद्यास हक्क आहे, त्या कागदाची सही-शिक्क्याची नक्कल शुल्क घेऊन त्यास दिलीच पाहिजे. हे मोठे पाऊल खरे. परंतु पाहण्याचा हक्क कोणास, हे दुसऱ्याच कायद्यात शोधावे लागे. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्याने महापालिकेच्या सभा, खास ठराव करून गुप्त ठरविल्या नसतील तर, लोकांस खुल्या केल्या. आणि सभेचे इतिवृत्त सभासदास फुकट, तर इतर कोणासही आठ आणे भरून पाहता येईल असे ठरविले. जिल्ह्यांतील नगरपालिकांसाठी झालेल्या १९०१ च्या कायद्याने घरपट्टीच्या आकारणीची यादी मालकास व भोगवटादारास पाहण्याची आणि तीतून विनामूल्य उतारे घेण्याची मुभा दिली. म्हणजे “तुमचा काय संबंध?” ह्या प्रश्नास आता एक उत्तर मिळाले : “मी करदाता आहे.” पण जो मालकही नाही आणि भोगवटादारही नाही, ज्याच्या नावावर एक वीटही नाही, परंतु ज्याच्या दारावरून तेच गटार वाहते, त्याचे काय? त्यास ह्या यादीत स्थान नव्हते.

इतिवृत्ताचे महत्त्व पुण्याच्या एका प्रसंगावरून ध्यानात येईल. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन ह्यांच्या पुणेभेटीच्या निमित्ताने स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हणून विरोध करणारे ते एकटेच निघाले. ठराव अर्थातच मंजूर झाला. परंतु कोणाच्या पैशाचे काय झाले आणि त्या वेळी कोण काय म्हणाले, हे पुढील पिढ्यांस कळावयाचे, तर सभेच्या भिंतीबाहेर काहीतरी पोहोचावे लागते. बंद दप्तरात बहुमत आणि विरोध दोन्ही सारखेच मुके असतात.

धारवाडकडच्या मुलुखात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर होता, तो भाषेचा. इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या काळात येथील सरकारी दप्तर बव्हंशी मराठीत, तेही मोडी लिपीत चाले. कानडी बोलणाऱ्या शेतकऱ्यापुढे त्याच्याच जमिनीचा कागद उलगडून ठेवला, तरी त्यास तो मिटलेलाच. वॉल्टर एलियट ह्यांच्यासारखे अधिकारी आणि पुढे डेप्युटी चन्नबसप्पा ह्यांच्यासारखे शिक्षणखात्यातील पुरुष ह्यांनी कानडी शाळांसाठी खटपट केली, त्यामुळे हे चित्र पालटले. आज काळाने उलट फेरा घेतला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९६२ साली हुबळी व धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली, आणि कारभार योग्य रीतीने कानडीत चालू लागला. केवळ मराठी वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसास आता तोच अनुभव येतो, जो दीडशे वर्षांपूर्वी कानडी शेतकऱ्यास येत होता. दोघांचे दुःख एकच आहे. त्यावरून कोणी कोणावर रुसण्याचे कारण नाही. शिकावयाचे ते एवढेच, की कागद खुला असणे आणि तो वाचता येणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

जगात हा हक्क प्रथम कायद्यात आला तो स्वीडनमध्ये, १७६६ साली. अँडर्स चिडेनियस नावाच्या फिनलंडातील एका पाद्र्याने तेथील संसदेत त्यासाठी पुढाकार घेतला. त्याच दशकात इकडे धारवाड-सावनूरच्या मुलुखासाठी पेशवे आणि हैदर ह्यांच्या लढाया चालल्या होत्या. आपल्याकडे इंग्रजांनी १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदा केला. तो मुख्यतः हेरगिरीसाठी असला, तरी “कागद दाखवू नये, दाखविल्यास अडचण” ही वृत्ती त्याच्या छायेत वाढली, आणि स्वातंत्र्यानंतरही ती ओसरली नाही. १९७५ साली राजनारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी अधिकारी जे सार्वजनिक कृत्य करतात ते जाणून घेण्याचा जनतेस अधिकार आहे. तत्त्व उच्चारले गेले. पण ते चालवावयास कायदा नव्हता.

तो कायदा ज्यांनी मागितला ते विद्वान नव्हते. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेचे खडी फोडणारे स्त्री-पुरुष, मजुरी कमी मिळते म्हणून तक्रार करीत होते. कचेरीतून उत्तर येई, की हजेरीपट तुमच्या तक्रारीशी जुळत नाही. मग हजेरीपट दाखवा, असे ते म्हणू लागले. २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना येथे गावकऱ्यांसमोर असे कागद मोठ्याने वाचले गेले. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरले गेले. भाकरीचा प्रश्न कागदाशी येऊन भिडला तो असा. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांच्या अध्यक्षतेखालील प्रेस कौन्सिलने कायद्याचा मसुदा तयार केला. गोवा व तामिळनाडू ह्यांनी १९९७ साली, कर्नाटकाने २००० साली आपापले कायदे केले. महाराष्ट्रातील २००० चा कायदा तोकडा ठरला. अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनानंतर तेथे अधिक समर्थ कायदा आला. अखेर माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला.

ह्या कायद्यातील अनेक कलमांची चर्चा होते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने सहाव्या कलमातील एक छोटीशी ओळ सर्वांत मोठी आहे : अर्जदारास माहिती कशासाठी हवी, ह्याचे कारण विचारता येणार नाही. “तुमचा काय संबंध?” हा प्रश्नच कायद्याने कचेरीतून काढून टाकला. मालक असो वा भाडेकरू, करदाता असो वा निर्धन, नागरिक असणे हाच संबंध पुरेसा झाला.

दाजीबानपेठेतील नागरिकास ह्याचा व्यवहारात अर्थ असा. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावयाचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ. अर्ज कानडीत, हिंदीत किंवा इंग्रजीत असावा. परंतु ज्यास लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी कागदावर उतरविण्यास साहाय्य करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला हवा. उत्तर तीस दिवसांत; न आल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील आणि पुढे राज्य माहिती आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसास अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्त्याच्या कामाचा करार, मोजणीची वही, दिलेली बिले पाहता येतात. इतकेच नव्हे, तर वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो.

ह्या हक्कास मर्यादा आहेत आणि असाव्यात. शेजाऱ्याचे आजारपण किंवा घरगुती व्यवहार हा कोणाच्या कुतूहलाचा विषय नव्हे. तथापि खाजगीपणाच्या नावाखाली सार्वजनिक खर्चही झाकला जाऊ शकतो. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संमत झालेल्या कायद्याने ह्या अपवादाची भाषा बदलून तो अधिक रुंद केला, तेव्हा हा जुनाच वाद नव्याने उभा राहिला. शिवाय कोणताही कायदा हरवलेली फाईल शोधून देत नाही, आणि भीतीने न केलेल्या अर्जास उत्तर देत नाही.

कुळकर्ण्याच्या घरच्या रुमालापासून ह्या अर्जापर्यंतचा प्रवास पाहिला, म्हणजे एक गोष्ट दिसते. प्रत्येक टप्प्यावर दप्तर थोडे अधिक उघडले, ते कोणी तरी कचेरीच्या दाराशी उभे राहून विचारले म्हणून. पेठेतील गटार यंदाही तुंबले, तर त्यावर किती खर्च झाला हे विचारण्यास आता कोणतेही नाते सांगावे लागत नाही. विचारावे मात्र लागते.